लाल पथारी दिसली की सरळ समोर

लोटन नाना पाटील हे नाव आधी लिहून ठेवतो. पुढे माझ्या फजितीच्या भरात ते मागे पडायला नको. मी वैमानिक झालो तो त्यांच्यामुळे, आणि ते स्वतः आयुष्यात एकदाही विमानात बसले नाहीत. शिंदखेडा तालुक्यात ते सरकारी भूकरमापक होते. शेताची मोजणी करायची, नकाशा काढायचा, हद्दीचे दगड कुठे आहेत ते दाखवायचे, हे त्यांचे काम. माझे वडील त्याच कार्यालयात शिपाई. मोजणीची साखळी वडील ओढत आणि आकडे नाना लिहीत. वडिलांना अक्षर येत नव्हते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तोसुद्धा नाना दर उन्हाळ्यात माझी गुणपत्रिका भिंग लावून तपासत म्हणून.

मी धुळ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, ऐंशीचे दशक नुकते लागले होते, तेव्हा वैमानिकांच्या शिक्षणाची जाहिरात वर्तमानपत्रात आली. शिष्यवृत्तीही होती. नानांनी ती कापून घरी आणली. वडील घाबरले.

"नाना, इमान पडनं तर?"

"बैलगाडी बी उलटस, भिका. म्हनीसन कोनी गाडीत बसत नही का?"

एवढ्यावर माझे आयुष्य ठरले. वैद्यकीय तपासणीला मुंबईला जायचे होते, तर नाना रजा काढून सोबत आले. डॉक्टरांनी मला भिंतीवरची अक्षरे वाचायला सांगितली, तेव्हा दारात उभे राहून नानाही पुटपुटत वाचत होते. त्यांना माझ्यापेक्षा एक ओळ जास्त वाचता आली. परत निघताना त्यांनी आपली पितळी मोजपट्टी माझ्या हातात ठेवली. मी पाया पडून म्हणालो, "नाना, कॅप्टन झालो की पहिलं पत्र तुम्हाला."

या वाक्याने पुढे मला फार छळले.

वैमानिक म्हटला की लोकांना काळा चष्मा आणि टोपी आठवते. त्या काळात वैमानिकाची खरी ओळख म्हणजे बॅग. काळी, चौकोनी, गव्हाने भरलेल्या डब्याइतकी जड. तिच्यात विमानतळांचे नकाशे असत. प्रत्येक विमानतळाची पातळ कागदाची काही पाने: कोणत्या दिशेने यायचे, कोणत्या उंचीपर्यंत उतरायचे, आणि त्या उंचीलाही जमीन दिसली नाही तर कुठून वर निघून जायचे. ही पाने जाड फायलीत कड्यांना अडकवलेली असत. जमिनीवर सारखे काही ना काही बदलते. कुठे मनोरा उभा राहतो, कुठे रेडिओचा आकडा बदलतो. म्हणून दर पंधरवड्याला एक पाकीट येई. त्यातले नवे पान लावायचे, जुने काढून फाडायचे आणि यादीवर सही करायची.

या कामाचा बाकीच्या वैमानिकांना भयंकर कंटाळा. मला ते फार आवडे. मुंबईच्या ज्या लहान कंपनीत मी नोकरीला होतो तिची पाच विमाने होती, आणि तिथले सगळे वैमानिक आपापली पाकिटे माझ्या टेबलावर ठेवून चहाला पळत. ते मला भाऊसाहेब म्हणत. आपल्याकडे तलाठ्याला म्हणतात तसे. ते चेष्टा करत होते हे मला दोन वर्षांनी कळले. तोपर्यंत मी तो मान समजत होतो आणि खरे सांगायचे तर नंतरही समजत राहिलो.

जुनी पाने मात्र मी फाडत नसे. एका बाजूने कोरा असलेला कागद फाडणे आमच्या घरात पाप होते. ती पाने मी बहिणीकडे देई आणि भाचीच्या पुस्तकांना त्यांची कव्हरे चढत. तिच्या चौथीच्या इतिहासावर कलकत्त्याला उतरायचा जुना रस्ता होता. तिच्या बाईंनी विचारले, तर "मामाचा आहे" एवढेच तिने सांगितले.

नव्वदचे दशक संपत आले तेव्हा मालकांचा मुलगा परदेशातून शिकून आला. त्याने एक लॅपटॉप आणला आणि सोबत एक तबकडी. सगळे नकाशे त्या एका तबकडीत. उड्डाणाचे हिशेबही तोच करणार. "हळूहळू बॅग बंद करायची," तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण बॅगेबरोबर भाऊसाहेबही बंद होणार होते.

त्याच वर्षी मे महिन्यात सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्यांना जळगावहून मुंबईला न्यायचे होते. ऊन चव्वेचाळीसच्या पुढे. हवा तापली की विरळ होते, विमानाला उचलायला जास्त पळावे लागते, आणि जळगावची धावपट्टी तेव्हा आखूड. म्हणजे वजन कमी हवे. व्यापारी आले ते सहा लोंगर, म्हणजे केळीचे अख्खे घड, घेऊन. एकेक लोंगर अंगणभर.

मी म्हणालो, "आबा, एवढं नाही जमणार."

"विमान शे का सायकल?" आबा म्हणाले. "व्याह्यांकडे चाललो. रिकाम्या हाताने जाऊ का?"

मी नानांची पट्टी काढली, तक्ता उघडला, उष्णता, वारा, धावपट्टीची लांबी, रेघेवर रेघ जुळवत दहा मिनिटांनी जाहीर केले की दोन लोंगर चालतील. शेजारच्या कॅप्टनने लॅपटॉपमध्ये तेच आकडे टाकले. यंत्राने तेच उत्तर डोळ्याचे पाते लवायच्या आत दिले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मग पाच मिनिटांनी उन्हाने तापून लॅपटॉप बंद पडला, आणि तेव्हा झाला. परत येऊन मी ती गोष्ट प्रत्येकाला सांगितली. उत्तर बरोबर होते हा भाग मी सांगत नसे.

आता माझ्या गर्वाचे मुख्य कारण सांगतो. जळगाव आणि धुळे या दोन धावपट्ट्यांची पाने त्या फायलींत नव्हतीच. तिथे खाली उतरवायला रेडिओची मदत नव्हती. डोळ्यांनी जमीन बघायची आणि उतरायचे. मग आमच्या कंपनीसाठी ती दोन पाने मी काढली. हाताने, शाईने, नानांनी शिकवलेल्या अक्षरात, रंग भरून. ती सगळ्यांच्या बॅगेच्या शेवटच्या कप्प्यात असत. नकाशाखाली मी दोन चौकटी केल्या होत्या, "काढणारा" आणि "तपासणारा". दोन्हीत सही माझी. धुळ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार होते?

धुळ्याचे पान मी जानेवारीत काढले. अहमदाबादहून येताना शिंदखेडा रस्त्याच्या कडेला एका व्यापाऱ्याची मिरची वाळत घातलेली दिसे. आमच्याकडे तिला पथारी म्हणतात. एकरच्या एकर लालभडक जमीन. वरून असे दिसते की कोणीतरी शेतात शालू पसरला आहे. दहा मैलांवरून नजरेत भरते. मी लाल पेन्सिलने ती रंगवली आणि बाजूला लिहिले: "लाल पथारी दिसली की सरळ समोर. दोन मिनिटांत धावपट्टी."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेलो तेव्हा ते पान नानांना दाखवायला नेले. ते तेव्हा निवृत्त होऊन धुळ्याजवळच्या आपल्या गावी राहत होते. पुरणाचे जेवण झाले होते. नानांनी भिंग लावले. पानाचे चारही कोपरे तपासले.

"तारीख कोठे शे?"

"तारीख कशाला, नाना? दरवर्षी थोडीच बदलणार?"

"आनि हाई लाल काय शे?"

"मिरचीची पथारी. वरून काय दिसते म्हणून सांगू!"

"पिकले खूण म्हनतस नही, भास्कर. दगड दाखाड."

"वरून दगड दिसत नाही, नाना."

"मंग जे ऱ्हास ते दाखाड."

पिकाला खूण म्हणत नाहीत, जे राहते ते दाखव. मी हसलो. म्हणालो, "विमानाचं वेगळं असतं, नाना." त्यांनी पान घडी न घालता माझ्याकडे परत दिले आणि आजींना, म्हणजे आपल्या पत्नीला, म्हणाले, "याले आखो पोळी वाढ." मला वाटले, पटले त्यांना.

जूनमध्ये मालकांच्या मुलाने मला ती दोन पाने लॅपटॉपमध्ये चढवायला सांगितले. मी आधी नाराजी दाखवली, मग चढवली. पडद्यावर पथारीचा लाल रंग कागदापेक्षाही उठून दिसत होता. मला बरे वाटले.

ऑगस्टमध्ये माझी परीक्षा लागली. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो आणि सहवैमानिक उजवीकडे. मी अकरा वर्षे उजवीकडे बसलो होतो. माझ्यानंतर आलेले दोघे डावीकडे गेले. वडील दर पत्रात शेजाऱ्याकडून एकच ओळ लिहवून घेत: कप्तान केव्हा? त्यांनी शिंदखेड्यात आधीच सांगून टाकले होते. परीक्षेत तुम्हाला डावीकडे बसवतात, उजवीकडे परीक्षक बसतो, आणि त्याने विमान स्वतःच्या हातात घेतले की परीक्षा संपते. नापास. परीक्षक होते कॅप्टन राजाध्यक्ष, दादरचे, सावकाश बोलणारे. फेरी अहमदाबाद ते धुळे. प्रवासी एकटे: धुळ्याचे मोतीलालशेठ, तेलाच्या गिरणीचे मालक, मूळचे मारवाडातले पण चार पिढ्या खानदेशात.

निघण्यापूर्वी मी धुळ्याच्या धावपट्टीवरच्या रखवालदाराला फोन केला. ढग आहेत का?

"शेतस ना, साहेब."

"किती उंचीवर?"

"साहेब, मना हात पुरत नही."

पण आकाश मधूनमधून दिसते आहे, तो म्हणाला. आम्ही निघालो. नियम मीच मोठ्याने सांगितला, परीक्षेत सांगावा लागतो: "ठरलेल्या उंचीच्या खाली जाणार नाही. पथारी दिसली तर पुढे. नाही दिसली तर लगेच वर आणि औरंगाबाद." राजाध्यक्षांनी मान हलवली. माझे कागदाचे पान माझ्या मांडीवर, लॅपटॉप त्यांच्या मांडीवर.

शिंदखेड्यावर आलो. ढगांत मोठमोठ्या फटी होत्या. एका फटीतून खाली उतरलो. ठरलेली उंची आली. खाली हिरवे. नुसते हिरवे. मी खिडकीला नाक लावले.

"दिसली?" राजाध्यक्ष.

"एवढ्यात दिसेल सर."

परत हिरवे. माझ्या नियमाप्रमाणे मी वर जायला हवे होते. मी घड्याळ बघितले आणि मनात म्हणालो, अर्धे मिनिट. ते संपले. आणखी अर्धे. माझे पान चुकणे शक्य नव्हते. त्यावर दोन सह्या होत्या.

"माझ्याकडच्या पडद्यावर तर लालच आहे," राजाध्यक्ष म्हणाले. "भाऊसाहेब, खाली लाल का नाही?"

आमच्या छोट्या विमानात मागे पडदा असे, तो शेठनी सरकवला. "काय शोधताय भाऊ?"

"मिरचीची पथारी, शेठ. इथेच असते."

त्यांनी खिडकीतून खाली पाहिले. मग शेठ म्हणाले, "अहो भाऊ, श्रावण चालू आहे! पथारी पौषात पडते. आता तिथे ज्वारी उभी असेल."

मी शिंदखेड्याचा. पथारी केव्हा पडते हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. हिवाळ्यात रस्त्याने जाताना डोळे चुरचुरत, खोकत खोकत आम्ही मोठे झालो. आणि मी वर्षातले तीन महिने असणारी खूण बारा महिन्यांच्या नकाशावर रंगवून ठेवली होती. इतके दिवस कोणाला कळले नाही, कारण आभाळ मोकळे असताना धावपट्टी लांबूनच दिसायची, पान कोणी बघतच नसे. ज्या दिवशी पानाची पहिल्यांदा गरज पडली त्या दिवशी खूण उगवलीच नव्हती.

मी हे सगळे मनात म्हणत होतो आणि विमान पुढे चालले होते. धावपट्टी मागे पडली होती की बाजूला, मला माहीत नव्हते. ढगाच्या फटीत समोर डावीकडे एक उतार दिसला. हिरवा, ओला, झुडपांचा. लळिंगकडचा डोंगर. खाली असायला हवा होता. तो आमच्या बरोबरीने होता.

"विमान माझ्याकडे," राजाध्यक्ष म्हणाले.

आवाज चढवला नाही. इंजिने चढवली. दोन सेकंदांत सगळे पांढरे झाले, आणि मग ऊन. मी हात मांडीवर ठेवून बसलो. मांडीवर ते पान होते.

औरंगाबादला उतरलो. शेठना तिथून गाडीने धुळ्याला जावे लागले. गाडीत बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, पौषात या. मी स्वतः पथारीवर उभा राहून हात दाखवतो." एवढे चांगले बोलणारा माणूस त्या दिवशी मला शत्रू वाटला.

राजाध्यक्षांनी चहा मागवला आणि ते पान मागून घेतले.

"कोणी काढलं?"

"मी."

"तपासलं कोणी?"

"मी, सर."

त्यांनी पान टेबलावर ठेवले. "विमानात दोन माणसं कशाला बसवतात, भाऊसाहेब?"

त्यांनी परीक्षेच्या कागदावर नापास लिहिले आणि मला चहा संपवायला सांगितले. नानांच्या कार्यालयात मोजणारा एक असे आणि तपासणारा दुसरा, हे मी लहानपणापासून पाहिले होते. वडील सांगत, नाना आपले नकाशे दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय जेवत नसत. चोवीस वर्षांच्या त्यांच्या कामावर कोणाचा बांध सरकला नाही. आणि मी आठ महिन्यांत तीन माणसे डोंगराला नेऊन लावणार होतो.

मुंबईला परतल्यावर मी आधी जळगावचे पान काढून बसलो. तिथे मी वळणाची खूण म्हणून एक केळीची बाग दाखवली होती. जळगावच्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. बाग काढून त्या जागी तूर लावली होती.

लॅपटॉपला मी नावे ठेवत होतो, त्याने तर काही चुकवले नव्हते. मी दिलेली चूक त्याने जशीच्या तशी, रंगासकट दाखवली. त्यानंतर मी त्या यंत्राचा कट्टर समर्थक झालो. नवे वैमानिक म्हणत, भाऊसाहेब बदलले. पुढे आमच्या कंपनीत हाताने काढलेल्या प्रत्येक पानाला तारीख लागू लागली, दुसऱ्या माणसाची सही लागू लागली, आणि वर एक चौकट आली: "ही खूण बारा महिने दिसते का?" ती चौकट माझ्या नावाने ओळखली जात असे, आणि त्यात गौरव करण्यासारखे काही नव्हते.

चार महिन्यांनी मी परत परीक्षा दिली आणि डावीकडे बसलो. निवृत्त होईपर्यंत तबकडीही गेली होती, सगळे एका पाटीएवढ्या पडद्यात आले होते. माझी काळी बॅग आता घरी आहे. झाकण घट्ट बसते म्हणून तिच्यात कुरडया ठेवतात. धुळ्याचे मी नंतर काढलेले दुसरे पान मात्र बरीच वर्षे कंपनीच्या संगणकात होते, आणि नवे वैमानिक मला विचारत, की तपासणाऱ्याच्या जागी ही कोणत्या कॅप्टनची सही आहे, नाव लागत नाही.

कॅप्टन झाल्यावर नानांना पहिले पत्र लिहीन, असे मी म्हणालो होतो. तसे झाले नाही. पहिले पत्र मी त्याच्या चार महिने आधी लिहिले. ते पोस्टात टाकण्यापूर्वी उतरवून ठेवले होते, म्हणून आज इथे देता येते.

मुंबई, भाद्रपद शुद्ध पंचमी

ती. लोटन नानांना भास्करचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी कॅप्टन झालो नाही. परीक्षेत नापास झालो. बाबांना अजून सांगितलेले नाही. तुम्ही सांगितलेत तर बरे होईल, त्यांना तुमच्याकडून ऐकायची सवय आहे.

आखाजीला तुम्ही विचारले होते, हे लाल काय आहे. मी हसलो होतो. नाना, श्रावणात ते लाल तिथे नव्हते. मी ते शोधत राहिलो आणि लळिंगच्या डोंगराजवळ गेलो. सोबत एक प्रवासी आणि माझे वरिष्ठ होते. वरिष्ठांनी विमान हातात घेतले म्हणून हे पत्र लिहितो आहे. विमानाचे वेगळे असते, असे मी तुम्हाला म्हणालो होतो. वेगळे काही नसते.

सोबत धुळ्याचा नवा नकाशा पाठवत आहे. त्यात पीक एकही नाही. पांझरेवरचा पूल आहे, शिंदखेड्याचा फाटा आहे आणि पाण्याची उंच टाकी आहे. ती टाकी पाडणार अशी चर्चा मी ऐकली. तुम्ही एसटीने जाऊन एकदा डोळ्यांनी बघून यावे ही विनंती. पुलापासून टाकीचे अंतर मी तुमच्या पट्टीने काढले आहे, तरी तपासावे. चुकले असेल तर लाल शाईने लिहावे, मला लागणार नाही.

खाली दोन चौकटी आहेत. एकीत माझी सही आहे. दुसरी रिकामी ठेवली आहे. तिथे विमान चालवणाऱ्याचीच सही हवी, असे इथले लोक म्हणाले. मी सांगितले, जमीन मोजणाऱ्याची हवी. तुमची सही येईपर्यंत मी धुळ्याला विमान नेणार नाही, असे साहेबांना लिहून दिले आहे.

परतीचे पाकीट तिकीट लावून सोबत ठेवले आहे. आजींना नमस्कार.

तुमचा,
भास्कर

ता. क. तारीख घातली आहे. खाली उजव्या कोपऱ्यात, भिंग लागणार नाही इतकी मोठी.